विश्लेषण : जुनी मोटरसायकल धावता धावता बंद का पडते? टाकी ते इंजिन, पेट्रोल नेमके कुठे अडते?

सकाळी एका किकमध्ये सुरू झालेली गाडी पाच-सात किलोमीटरनंतर आचके देऊ लागते. रेस दिली तरी उचलत नाही आणि रस्त्याच्या कडेला येऊन बंद पडते. दहा मिनिटांनी किक मारली की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नाही. दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटरसायकली वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. गॅरेजमध्ये त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, खोलावा लागेल.’ कधी ते खरेही असते. मात्र कार्बोरेटर साफ करून चार दिवस होत नाहीत तोच गाडी पुन्हा बंद पडू लागली, तर दोष भलतीकडेच असण्याची शक्यता मोठी असते. पेट्रोल कुठे अडले आहे हे कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी बऱ्याच अंशी ओळखता येते. ते कसे, याचा आढावा.

कोणत्या गाड्यांना हे लागू होते?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमध्ये कार्बोरेटरची जागा जवळपास सर्वत्र फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्याआधीच्या बहुतेक स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, जुन्या पल्सर, जुन्या बुलेट आणि आजही जपून वापरल्या जाणाऱ्या आरएक्स १०० यांसारख्या गाड्या कार्बोरेटरवर चालतात. दूधवाल्यापासून शेतावर जाणाऱ्यापर्यंत अनेकांची रोजची भिस्त अशाच गाड्यांवर आहे. खाली दिलेल्या चाचण्या या कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहेत.

पेट्रोलचा प्रवास कसा होतो?

या गाड्यांमध्ये सहसा पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. वाटेत टाकीचे झाकण, कॉक, कॉकमधील जाळी, रबरी पाइप, असल्यास फिल्टर आणि मग कार्बोरेटर असे टप्पे येतात. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल साठते. ठरलेल्या पातळीला पोहोचले की तरंगणारा फ्लोट एका सुईने वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीतील बॉल कॉक जसा काम करतो, अगदी तसेच. या वाटीतून इंजिन जेटच्या बारीक छिद्रांवाटे हवे तेवढे पेट्रोल ओढून घेते.

या रचनेत दाब फारच कमी असतो. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच धरली, तरी तो दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण २ टक्केच भरतो. त्यामुळे जरासा गाळ, दबलेला पाइप किंवा बुजलेले छिद्र एवढेही पेट्रोल अडवायला पुरते.

दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

गाडी बंद पडण्यामागे पेट्रोल हे एकच कारण नसते. गरम झाल्यावर बिघडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणारी इग्निशन कॉइलही हुबेहूब हेच लक्षण दाखवते. साधारणपणे पेट्रोल कमी पडले की गाडी हळूहळू दम टाकते, आचके देते आणि मग बंद होते. ठिणगी गेली तर बटण दाबल्यासारखी एकदम बंद होते. पण केवळ एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

अडचण अशी की गॅरेजपर्यंत पोहोचेपर्यंत गाडी व्यवस्थित चालू लागलेली असते. दोष तेव्हा हजरच नसतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. गाडी बंद पडताच इग्निशन बंद करा आणि लगेच पेट्रोलचा कॉकही ‘ऑफ’ करा. त्यामुळे वरून नवे पेट्रोल उतरत नाही आणि कार्बोरेटरची वाटी त्या क्षणी जशी होती तशीच राहते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल छोट्या बाटलीत घ्या. वाटी रिकामी किंवा जवळपास रिकामी निघाली, तर पेट्रोल वरूनच येत नव्हते. वाटी भरलेली निघाली, तर तिथपर्यंतची वाट ठीक आहे. मग दोष जेटमध्ये, हवेच्या गळतीत किंवा ठिणगीत शोधावा.

गाडी मुळीच सुरू होत नसेल तर प्लगकडून उत्तर मिळते. थंड गाडीला चोक लावून आठ-दहा किका मारा आणि प्लग काढून पाहा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर इंजिनपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, तपास ठिणगीच्या बाजूने करावा. ठिणगी पाहण्याचे काम मात्र सांडलेल्या पेट्रोलजवळ किंवा प्लगच्या उघड्या छिद्रापाशी करू नये. ते मेकॅनिकवर सोडलेले बरे.

टाकीचे झाकण गाडी बंद पाडू शकते का?

हो, आणि हे कारण सर्वात जास्त दुर्लक्षित राहते. टाकीतून पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. धूळ, चिखल, गाडी धुतानाचा साबण किंवा गंज यांनी ती बुजली की टाकीत हवेचा दाब कमी होऊ लागतो. पेट्रोलचा स्वतःचा दाबच जेमतेम असल्याने थोड्याशा ओढीनेही प्रवाह थांबतो. गाडी उभी राहिली की झाकणाच्या फटींतून हळूहळू हवा आत शिरते आणि दहा मिनिटांनी गाडी ‘आपोआप’ बरी होते.

याची चाचणी फुकट आहे. गाडी आचके देऊ लागली की सुरक्षित जागी थांबवा आणि टाकीचे झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी मिनिटभरात सुरू झाली, तर दोष झाकणातच असण्याची दाट शक्यता असते. टाकी काठोकाठ भरलेली असताना त्रास लवकर होत असेल तर संशय आणखी पक्का होतो. कारण तेव्हा वर हवेची जागा कमी असते आणि थोडे पेट्रोल उतरताच दाब घटतो. झाकण साफ करून किंवा बदलून हा प्रश्न सुटतो, कार्बोरेटर खोलण्याची गरजच पडत नाही. टाकीवरचे कव्हर किंवा बॅग झाकणावर घट्ट दाबून बसत नाही ना, हेही पाहावे.

एक मिनिट, एक बाटली : प्रवाह कसा मोजायचा?

झाकण ठीक असेल तर पुढचा टप्पा कॉक आणि पाइप. गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत कॉक बंद करा. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सावकाश काढा आणि त्याचे तोंड पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा. कॉक ‘ऑन’ करून घड्याळ लावा आणि एक मिनिट प्रवाह पाहा.

किती पेट्रोल यायला हवे? हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी आणि ६० चे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी तासाला १ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिलिलिटर. चढावर, दोन माणसे आणि सामान असताना हीच गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणूनच थेंब थेंब येणाऱ्या पेट्रोलवर गाडी उभ्या उभ्या छान चालते, गल्लीतही फिरते, पण हायवेवर वेग घेतला की वाटी रिकामी होते आणि गाडी दम टाकते. निरोगी कॉकमधून अखंड धार यायला हवी आणि मिनिटभरात चहाचा कप सहज भरायला हवा.

या चाचणीतून चार गोष्टी कळतात :

- धार सुरुवातीला जोरात, मग मंद होत गेली आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात आली, तर झाकणाची हवेची वाट बुजली आहे.
- झाकण उघडे असूनही थेंबच पडत असतील तर कॉक, त्यातील जाळी किंवा पाइप तुंबला आहे.
- ‘ऑन’वर काहीच येत नाही पण ‘रिझर्व्ह’वर धार येते, तर टाकीत पेट्रोलच कमी आहे किंवा कॉकची मुख्य वाट बंद आहे.
- धार उत्तम आहे, तरीही वाटी रिकामी राहते, तर फिल्टरच्या पुढे, म्हणजे फ्लोटच्या सुईपाशी अडथळा आहे.

स्कूटर आणि काही मोटरसायकलींमध्ये इंजिनच्या ओढीवर उघडणारा कॉक असतो. तिथे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येत नाही, तो बिघाड नव्हे. बाहेरून बसवलेल्या फिल्टरवर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो कार्बोरेटरकडे असायला हवा. तो फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नये, पुढे धार येते की नाही हे महत्त्वाचे. पाइप कडक झाला असेल, भेगाळला असेल किंवा टाकी बसवताना दुमडला असेल, तर बदलणे हाच उपाय आहे.

रिझर्व्हला लागल्यावरच त्रास का होतो?

कॉकवर टाकीच्या आत दोन तोंडे असतात. ‘ऑन’चे तोंड उंच नळीवर, तर ‘रिझर्व्ह’चे तळाजवळ. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेले की गाडी झटका देते आणि चालक कॉक फिरवतो. पण टाकीतील गंज, गाळ आणि पाणी हे सारे तळालाच असते. वर्षभर रिझर्व्ह न वापरलेल्या गाडीत तो पहिल्यांदा लागला की हा कचरा थेट कार्बोरेटरकडे निघतो. उलट कायम रिझर्व्हवरच चालवणाऱ्याला पेट्रोल संपताना इशारा मिळत नाही आणि तळाचा गाळ सतत खाली येत राहतो.

बाटलीत घेतलेले पेट्रोल म्हणूनच लगेच टाकीत परत ओतू नका. बाटली झाकून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाला लालसर भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे. अशा वेळी कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी कचरा पुन्हा येणारच, आधी टाकी साफ करावी लागेल. तळाला वेगळा थर किंवा गोळ्यांसारखे थेंब दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. झाकणाचे रबर झिजले असेल तर पावसाळ्यात आणि गाडी धुताना पाणी आत जाते.

कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आले, मग दोष कुठे?

इथे रेसची मूठ बोलते. मूठ किती फिरवल्यावर त्रास होतो, यावरून कार्बोरेटरचा कोणता भाग रुसला आहे याचा अंदाज येतो.

रेस सोडली की बंद पडते, सिग्नलला टिकत नाही, चोक लावला तरच चालते : पायलट जेट, म्हणजे मंद चालीचा जेट तुंबल्याची शक्यता. हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि उभ्या गाडीत वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने सर्वात आधी तेच बुजते.

मंद चाल ठीक, पण अर्ध्या रेसवर आचके : स्लाइडला लटकणारी सुई, तिची खाच किंवा स्लाइड तपासावी.

पाऊण ते पूर्ण रेसवर गाडी उचलत नाही : मेन जेट तुंबला असेल किंवा वरून येणारा प्रवाह अपुरा असेल. बाटलीची चाचणी आधी केलेली असेल तर या दोहोंतला फरक लगेच कळतो.

कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकते : फ्लोटची सुई वाट नीट बंद करत नाही. सुईखाली कचरा अडकला आहे, तिचे टोक झिजले आहे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे. याकडे दुर्लक्ष करू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय हे पेट्रोल इंजिनमध्ये उतरून ऑइल पातळ करू शकते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला भेग असेल तर जादा हवा आत जाते. लक्षणे मात्र पेट्रोल कमी पडल्यासारखीच दिसतात. जेट साफ असूनही रेस सोडल्यावर इंजिनचा वेग लवकर खाली येत नसेल तर हे रबर जरूर पाहावे.

ई२० पेट्रोलचा यात किती वाटा?

जुन्या गाडीची कोणतीही तक्रार सध्या इथेनॉलवर ढकलली जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे लक्ष्य आधी २०३० साठी होते, ते केंद्राने २०२५ वर आणले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ई२० वर साधारण ३ ते ४ टक्क्यांनी घटते. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. मात्र हा खर्च किरकोळ असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये भागतो, अशी मंत्रालयाची भूमिका आहे.

तांत्रिकदृष्ट्या तीन गोष्टी घडतात. एक, इथेनॉल पाणी शोषते. थोडे पाणी मिसळून जाते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो आणि तो इंजिनमध्ये जळत नाही. दोन, इथेनॉल चांगले द्रावक आहे, त्यामुळे टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सुटून जेटकडे जाऊ शकतो. तीन, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागते. इंजेक्शनच्या गाडीतील सेन्सर हे बऱ्याच अंशी सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही आणि मिश्रण किंचित विरळ होते.

थोडक्यात, ई२० मुळे जुने रबर आणि गंजलेली टाकी यांचे दोष लवकर उघडे पडू शकतात. पण बुजलेले झाकण, तुंबलेली जाळी किंवा महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी यांचे खापर इंधनावर फोडून उपयोग नाही.

तशीच रेटत नेली तर काय होते?

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन प्रमाणाबाहेर तापते. प्लगचे टोक पांढरेफटक दिसणे ही त्याची एक खूण. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत धोका दुहेरी असतो. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होण्याची वेळ येऊ शकते. शिवाय ट्रक मागे असताना हायवेवर ओव्हरटेक करता करता गाडीने दम टाकला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. आचके देणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेवर नेऊ नये.

तपासताना काय टाळावे?

- बंद खोलीत, जिन्याखाली, गॅस किंवा दिव्याजवळ पेट्रोल काढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटू शकते.
- तापलेल्या इंजिनवर किंवा सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नका. वाळूची बादली जवळ ठेवा.
- जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की अ‍ॅव्हरेज कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरावा, तोही डोळे सांभाळून.
- कारण कळण्याआधी एअर स्क्रू फिरवत बसू नका. मूळ दोष राहतो बाजूला, सेटिंग मात्र जाते.
- इंजेक्शनच्या गाडीवर पाइप काढण्याचे प्रयोग करू नका. तिथे पंपामुळे पेट्रोल मोठ्या दाबाखाली असते.
- काढलेले पाणीमिश्रित पेट्रोल गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

मेकॅनिकला काय सांगावे?

‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगितले तर कार्बोरेटर खोलला जाणार हे ठरलेलेच. त्याऐवजी किती किलोमीटरनंतर, किती रेसवर, टाकी किती भरलेली असताना बंद पडते हे सांगावे. झाकण उघडल्यावर फरक पडला का, बंद पडली तेव्हा वाटीत पेट्रोल होते का, मिनिटभरात बाटलीत किती आले आणि तळाला काय दिसले, हेही सांगावे. एवढ्या माहितीवर चांगला मेकॅनिक थेट योग्य ठिकाणी हात घालतो आणि नको त्या सुट्या भागांचा खर्च वाचतो.

दुरुस्तीनंतरची काळजीही साधी आहे. रात्री कॉक बंद ठेवावा. अधूनमधून रिझर्व्हवर काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे तळाशी पाणी साठत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाटीत पेट्रोल वाळून जेट बुजत नाहीत. दर सर्व्हिसिंगला कॉकची जाळी, झाकणाचे रबर आणि पेट्रोलचा पाइप दाखवायला सांगावे. कार्बोरेटरचा नंबर त्यानंतर.